सुटलेलं मनगट

मनगट हललं तेव्हा निनियन टेटला आधी वाटलं, मागून कुणाचा तरी धक्का लागला. त्यानं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. ब्रंट्सफील्डचं ते गोल्फचं उतरतं मैदान, मार्चमधलं पिवळट गवत, पायवाटेवरून घरी निघालेली दोन-चार माणसं आणि पलीकडे दगडी घरांच्या ओळीमागं अर्धा झाकलेला किल्ला, सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त चेंडू जिथं असायला हवा होता तिथं नव्हता. तो हळूच उचलला जाऊन, झेंड्याच्या अलीकडं टेकून, थोडासा घरंगळायला हवा होता. आयुष्यभर तसाच घरंगळत आला होता. आज तो जमिनीला घासत सणसणत गेला आणि एका बाईच्या कुत्र्यासमोरून रस्त्याकडेच्या झाडावर आपटला. "जरा सांभाळून हो," ती बाई म्हणाली. तिच्या आवाजात रागही नव्हता. म्हाताऱ्या माणसांशी बोलताना लोक जो आवाज काढतात तो होता. निनियननं टोपीला हात लावला आणि नंतर बराच वेळ आपल्या डाव्या मनगटाकडं बघत उभा राहिला. जन्मभर मुकाट राहिलेला घरातला एखादा माणूस जेवताना अचानक काहीतरी भलतंच बोलून जावा, आणि आपण ऐकलं ते खरंच ऐकलं का, या विचारात बाकीच्यांचे घास हातातच राहावेत, तसं त्याला झालं.

झेंड्याभोवतीच्या हिरवळीच्या काठावरून मारायचा हा छोटा फटका म्हणजे खरं तर काहीच नाही. ताकद लागत नाही. वजन डाव्या पायावर, हात चेंडूच्या किंचित पुढं, खांदे झोपाळ्यासारखे मागं-पुढं, आणि मनगटानं काही करायचं नाही. काही न करणं हेच त्याचं काम. त्यानं मध्येच हौसेनं चेंडू उचलायला मदत केली, की काठीचं टोक हातांच्या पुढं धावतं, पात्याची धार चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू हिरवळ ओलांडून कुठल्या कुठं जातो. वडिलांनी हे त्याला याच मैदानावर शिकवलं होतं. वडील ट्रामवर कंडक्टर होते. शनिवारी पाळी संपली की गणवेशातच यायचे आणि त्याच्या घड्याळाच्या पट्ट्यात आपला कंगवा खोचायचे, दात कातडीकडं करून. मनगट वाकलं की दात टोचायचे. "टोचलं?" वडील विचारायचे. "नाही." "मग लाल का झालंय?" एवढंच त्यांचं शिकवणं. कौतुक करायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. चेंडू झेंड्याजवळ थांबला तर वडील खिशातून पुढचा चेंडू काढून टाकत. पुढं नकाशे काढणाऱ्या कंपनीत तो लागला तेव्हा तिथल्या मुख्य आरेखकानंही जवळजवळ तेच सांगितलं: रेघ मनगटातून काढायची नाही, कोपरातून काढायची, मनगट म्हणजे नुसता पूल. डोंगरांच्या उंचीच्या त्या बारीक तपकिरी रेघा काढण्यात निनियनची सगळी नोकरी गेली. ज्या डोंगरांवर तो कधी चढला नाही त्यांची प्रत्येक घळ त्याच्या हाताखालून गेली होती, आणि एकदाही हात चळला नव्हता.

एलस्पेथला मात्र त्याचं हे मनगट कधी आवडलं नाही. लग्नाच्या दिवशी नाचताना, एकमेकांच्या कोपरात हात गुंफून रांगेतून फिरत जायचं असतं, तेव्हा ती हसत म्हणाली होती, "निनियन, मी दाराची कडी धरलीय असं वाटतंय मला." ती स्वतः सगळी मनगटातच होती. तव्यावरचे स्कोन उलटताना, खिडकीतून मागच्या अंगणात टेबलावरची चादर झटकताना, बोलता बोलता एखादा माणूस निकालात काढताना तिचं मनगट असं काही वळायचं, की तो कामातून डोळे वर करून बघायचा. बघायचा आणि परत रेघेवर यायचा. तिला त्यानं हे कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, असंही त्याला तेव्हा वाटलं नव्हतं. मार्चमधल्या त्या संध्याकाळी जिने चढून घरी आल्यावर डाळीच्या सूपचा डबा उघडताना त्याला हे आठवलं, आणि मनात आलं, की आपलं मनगट आता मोकळं व्हायला लागलंय, बघायला कुणी उरलं नाही तेव्हा.

हे वॉटीला कळता कामा नये, हा दुसरा विचार. किंवा पहिलाच असेल. सूप गरम होईपर्यंत दोन्ही विचार इतक्यांदा फिरून आले, की कोणता आधी आला ते सांगता आलं नसतं.

वॉटी गिलिस हा त्याचा जोडीदार. जोडीच्या खेळात दोघांत एकच चेंडू असतो: एकदा यानं मारायचा, एकदा त्यानं. तुम्ही चेंडू जिथं नेऊन टाकाल तिथून जोडीदारानं मारायचं, खड्ड्यात असो की वाळूत. म्हणूनच या खेळात माफी मागत नाहीत. एकदा मागायला लागलं, की अठरा होल संपेपर्यंत दुसरं काही बोलणंच होणार नाही. वॉटी आणि निनियन दर बुधवारी शहराच्या दक्षिणेकडच्या टेकडीवर, त्यांच्या जुन्या क्लबच्या मैदानावर असे खेळत आले होते. वॉटी प्लंबर होता. त्याचा देह दारात मावत नसे आणि आवाज खोलीत. पण मैदानावर तो फारसा बोलत नसे. एलस्पेथला पुरलं त्या दिवशी पेटी खाली सोडण्यासाठी दोऱ्या वाटल्या, तेव्हा डोक्याकडची दोरी निनियनची होती आणि पायांकडची वॉटीची. दोघं समोरासमोर होते. पेटी खाली जात असताना निनियनला दिसत होते ते फक्त वॉटीचे लाल, फुटलेले हात आणि त्यांतून बेतानं सरकणारी दोरी. दोघांनी एकाच वेगानं सोडली. पेटी तसूभरही कलली नाही. त्यानंतर वॉटी काही म्हणाला नाही. पुढच्या बुधवारी तो क्लबच्या पायऱ्यांशी उभा होता. लोक एकमेकांचं सांत्वन करतात म्हणजे काय करतात, हे निनियनला पुस्तकांतून ठाऊक होतं. पण आठवड्यात सात वार असतात आणि त्यांतल्या एकाला नाव आहे, एवढ्यावर त्यानं पुढचे दिवस काढले, हेही खरं होतं. बाकीचे सहा वार म्हणजे जिना, बस, वाचनालय, सूप. दुकानातली मुलगी "पिशवी हवी का?" विचारायची, तेवढंच कधीकधी दिवसभराचं संभाषण.

म्हणून त्यानं लपवलं. लपवायला सोपं होतं. हिरवळीच्या बाहेरूनही पटर, म्हणजे लोटायची सपाट काठी, वापरता येतो, चेंडू जमिनीवरूनच लोटत न्यायचा. जरा भित्रा प्रकार, पण म्हातारपणी शोभून जातो. वॉटीनं भुवई उचललीच तर म्हणायचं, गवत कोरडं आहे, वारा आहे. वॉटीनं भुवई उचलली नाही. एकटा असताना निनियन ब्रंट्सफील्डवर जाऊन सराव करत राहिला, आणि गंमत अशी, की चेंडू नसताना त्याचं मनगट अगदी देवासारखं शांत असे. गवताची टोकं हलवत काठी मागं जाई, पुढं येई, वडिलांचा कंगवा टोचला नसता असं. चेंडू ठेवला, की हात खाली येताना शेवटच्या वितीत कुठंतरी एक काळोख येई. तेवढ्या वेळात काय घडलं ते त्याला सांगता येत नसे. काठी चेंडूच्या पलीकडं असे आणि मनगट मागच्या बाजूला मुडपलेलं. त्यानं पकड उलटी करून पाहिली, डावा हात खाली. डोळे मिटून पाहिलं. डॉक्टरकडं जाऊन आला, तरुण डॉक्टरनं बोटं ओढायला लावली, नाकाला लावायला लावली आणि म्हणाला, "तसं काहीच नाही, मिस्टर टेट. एकटेच राहता का?" निनियन म्हणाला, "त्याचा मनगटाशी काय संबंध?" डॉक्टर म्हणाला, "नाही, मी आपलं विचारलं."

तरीही त्या उन्हाळ्यात ते दोघं जिंकत गेले. क्लबच्या जोड्यांच्या स्पर्धेत एकेक फेरी ओलांडत ऑगस्टमध्ये उपांत्य सामन्यापर्यंत आले, आणि निनियनला स्वतःशीच नवल वाटलं, की आपल्यावर तो अवघड फटका येतच नाही. वॉटीचा चेंडू हिरवळीवर पडत नव्हता हे खरं, पण दरवेळी पडायचा तो अशा सपाट जागी, की तिथून पटरनं सहज लोटता यावा. नशीब, निनियन म्हणायचा. त्या सामन्यात समोर क्रॉफर्ड आणि त्याचा मेहुणा होते. क्रॉफर्ड हा वॉटीच्या ओळखीचा, तोंडानं मोकळा. बाराव्या होलवर वॉटीचा चेंडू पुन्हा हिरवळीच्या उजवीकडं, दूरवरच्या सपाटीत जाऊन पडला तेव्हा क्रॉफर्ड म्हणाला, "वॉटी, चष्मा चहानं धुतोस का रे? एवढी मोठी हिरवळ समोर. माझ्या सासूनं झोपेत मारला असता."

"तुझ्या सासूला घेऊन ये मग," वॉटी म्हणाला.

"ती नाही यायची. हरणाऱ्यांबरोबर फिरत नाही ती."

"म्हणून तुमच्याकडं राहत नाही वाटतं."

सगळे हसले. निनियनही हसला, आणि हसता हसता त्याची नजर वॉटी उभा होता त्या जागी गेली. ओल्या गवतात वॉटीच्या बुटांचे ठसे अजून होते. दोन्ही टाचा, दोन्ही चवडे. निनियननं आयुष्यभर रेघा पाहिल्या होत्या. त्याला पट्टी लागली नाही. त्या ठशांची रेघ झेंड्याकडं जात नव्हती. ती बरोबर त्या सपाटीकडं जात होती.

तो चालत राहिला. चेंडूपाशी पोचला, पटर काढला, लोटला. चांगला गेला. पण कानांत एक बारीक आवाज सुरू झाला होता, आणि त्या आवाजात गेला सगळा उन्हाळा एकेक होल करून परत येत होता: सहाव्याची डावी बाजू, नवव्याला अलीकडंच थांबवलेला चेंडू, चौदाव्याला वॉटीनं "छे, घसरला हात" म्हणून थुंकणं. वॉटीचा हात घसरला नव्हता. क्लबमध्ये लोक म्हणत होते, गिलिस संपला, म्हातारा झाला, टेट बिचारा ओढतोय त्याला. हे निनियनच्या कानावर आलं होतं. आणि त्यानं, आता कबूल करायलाच हवं, मनातल्या मनात जराशी मान ताठ केली होती.

त्या दिवशी ते जिंकले. घरी येऊन तो अंगावरचा कोटही न काढता स्वयंपाकघरात बसला. राग आला होता, पण तो कुणाचा ते ठरेना. आपल्याला कुणीतरी सांभाळून घेतंय, हे कळणं म्हणजे अंगावरचं पांघरूण कुणी ओढून काढण्यासारखं आहे, असं त्याला वाटलं. मग वाटलं, उलट आहे, पांघरूण घातलंय आणि आपण थंडी वाजते म्हणून तक्रार करतोय. आपण दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो, हे हास्यास्पद होतं. पण हसायला समोर कुणी लागतं. खिडकीबाहेर समुद्रावरचं धुकं शहरात शिरत होतं. समोरच्या घरांची धुराडी एकेक करून पुसली जात होती. त्यानं ठरवलं, की अंतिम सामना झाला की वॉटीला मोकळं करायचं. सांगायचं, दुसरा जोडीदार बघ. वाक्य त्यानं मोठ्यानं म्हणून पाहिलं. रिकाम्या स्वयंपाकघरात ते बरं वाटलं. मग बुधवार कसा दिसेल, ते डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न केला, आणि त्याला तो दिसेना. मंगळवारनंतर सरळ धुकंच.

सप्टेंबरअखेरच्या अंतिम सामन्यात समोर हेक्टर लम्सडेन आणि त्याची सून कर्स्टी होते. हेक्टर मोजकं बोलणारा. कर्स्टी उंच, हसरी, प्रत्येक फटक्यानंतर "वा, मिस्टर टेट" म्हणणारी, आणि ते मनापासून म्हणणारी. वारा होता. दोन्ही जोड्या मागं-पुढं होत शेवटच्या होलवर आल्या तेव्हा बरोबरीत होत्या. पहिला फटका निनियनचा होता, तो चांगला बसला. दुसरा वॉटीचा. निनियन बाजूला उभा राहून त्याच्या पावलांकडं बघत होता. पावलं हिरवळीच्या डावीकडच्या सपाटीवर रोखलेली होती. 'झेंड्याकडं मार,' असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. वॉटीनं मारला. चेंडू हवा होता तिथंच उतरला. पण एका उंचवट्याला लागून उलटा उडाला आणि वाळूच्या खड्ड्यामागच्या खोलगटात जाऊन बसला. समोर खड्डा, त्यापलीकडं झेंडा. समोरच्या जोडीचा चेंडू तीन फटक्यांत हिरवळीवर आला होता, पण लांब.

"पटर घे," वॉटी हळूच म्हणाला. "खड्ड्याला वळसा घालून लोट. लांब राहील, राहू दे. पुढचा मी बघतो."

सगळ्या उन्हाळ्यात तो याबद्दल पहिल्यांदाच काही बोलला होता. निनियननं त्याच्याकडं पाहिलं. वॉटी दुसरीकडं बघत होता, ढग बघतात तसं. निनियननं पिशवीतून वेज काढली, चेंडू उचलून मारायची काठी. का काढली, ते नंतर त्याला नीट सांगता आलं नाही. क्लबात लोक वॉटीला म्हातारा म्हणतात ते एकदा तरी थांबावं, असं काहीसं होतं. आपण एकदा तरी याला चांगल्या जागी चेंडू नेऊन द्यावा. काठी मागं गेली, गवताची टोकं हलली, आणि मग तो काळोख. आवाजावरूनच कळलं. चेंडू खड्ड्यावरून, हिरवळीवरून, झेंड्याच्या डोक्यावरून सरळ पलीकडच्या काटेरी व्हिनच्या झुडपांत घुसला.

कर्स्टीनं या वेळी काही म्हटलं नाही. वॉटीनं आपली पिशवी उचलली आणि चालू लागला. त्याच्या पाठीमागून निनियन चालला. चेंडू सापडला. दोन झुडपांच्या मध्ये, खाली. मारता येईल असा, पण त्यासाठी वॉटीला आत घुसून वाकावं लागणार होतं. तो घुसला. कोटाला काटे ओढत होते. तो वाकला तशी एक वाळकी, काटेरी फांदी त्याच्या डोळ्यासमोर आली, अगदी पापणीशी. वॉटी चष्म्याच्या वरून चेंडूकडं बघत होता; त्याला ती दिसत नव्हती. निनियनला दिसली. त्याचा हात आपण होऊन पुढं गेला. फांदी धरून ठेवायचीही नाही, नुसती डोळ्यापासून जराशी लांब करायची, एवढंच. त्यानं ती धरली आणि मनगट झटक्यात वळलं. कट्, असा आवाज झाला.

वॉटी वाकलेलाच राहिला. "काय मोडलं?"

"फांदी."

"कुठली?"

"तुझ्या डोळ्यात जात होती ती."

वॉटीनं मोडलेल्या फांदीकडं पाहिलं. जोडीदाराच्या फटक्याच्या वाटेतलं झाडाला लागून असलेलं काही, वाळकं का असेना, मोडलं तर तो होल हरला, हे त्या टेकडीवरच्या सशांनाही माहीत होतं. इथं झुडपांच्या आड ते दोघंच होते. हेक्टर आणि कर्स्टी लांब, पाठमोरे. बोलायचं काम वॉटीचं नव्हतं. निनियन बाहेर आला, हिरवळीपर्यंत चालत गेला आणि टोपी काढून म्हणाला, "मी फांदी मोडली. होल तुमचा. सामनाही."

हेक्टर म्हणाला, "कुणी पाहिलं का?"

"नाही."

"बरं," हेक्टर म्हणाला, आणि त्यानंही टोपी काढली. कर्स्टीनं हात पुढं केला. तिच्या डोळ्यांत काहीतरी होतं, ते टाळण्यासाठी निनियननं तिच्या बुटांकडं पाहिलं.

हेक्टर आणि कर्स्टी क्लबात गेले, जिंकलेल्यांना सर्वांसाठी प्यायला मागवायचं असतं. वॉटी मागून येत होता. पायवाटेच्या बाकाशी निनियन थांबला. घरी म्हणून पाहिलेलं वाक्य जिभेवर होतंच. "पुढच्या वर्षी दुसरा कुणीतरी जोडीदार बघ, वॉटी."

वॉटी बाकावर बसला. बसताना कण्हला. "बघितला होता. मे महिन्यात. क्रॉफर्डला विचारलं."

वारा एकदम थांबल्यासारखं निनियनला वाटलं. "तो काय म्हणाला?"

"हो म्हणाला."

"मग?"

"मग बुधवार आला," वॉटी म्हणाला. आणि लगेच, त्याहून मोठ्या आवाजात, "हे बघ, तळहातात काटा गेलाय. मला या चष्म्यातून दिसत नाही. काढ जरा."

त्यानं हात पुढं केला. तो लाल, फुटलेला, प्रचंड हात निनियननं आजवर दुरूनच पाहिला होता. सामन्यांनंतर हस्तांदोलन केलं असेल तेवढंच. त्यानं तो आपल्या डाव्या हातात घेतला. अपेक्षेपेक्षा गार होता. काटा अंगठ्याच्या मुळाशी, काळा, जेमतेम टोक बाहेर. निनियननं उजव्या हाताची नखं जवळ नेली. दोघांचे श्वास ऐकू येत होते. टोक नखांत आलं, आणि त्याच वेळी त्याचं खालचं, डावं मनगट उसळलं. वॉटीचा हात हिसकला गेला. काटा अर्ध्यात तुटला, रक्ताचा थेंब वर आला.

निनियन हात सोडणार होता.

"धर," वॉटी म्हणाला. त्यानं हात मागं घेतला नव्हता. "कुणी घाई केलीय? पुन्हा बघ."